बिटकॉइन: उशिरा आलेल्या पैशाचा हिशोब

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या गंगाजळीतले २५ कोटी डॉलर काढून २१,४५४ बिटकॉइन विकत घेतले. एक नाणं साडेअकरा हजार डॉलरच्या थोडं वर पडलं. पुढच्या फेब्रुवारीत टेस्लाने दीडशे कोटी डॉलरची खरेदी जाहीर केली. खरं पाहता दोन्ही कंपन्यांना उशीरच झाला होता. २०१० मध्ये जे नाणं एका डॉलरच्याही आत मिळत होतं, ते त्या दहा वर्षांनी घेत होत्या. पुढे २०२२ च्या मध्याला बाजार कोसळत असताना टेस्लाने आपल्याकडचं तीन चतुर्थांश बिटकॉइन विकून टाकलं. मायक्रोस्ट्रॅटेजी मात्र घेतच राहिली. आधी शिलकीतून घेतलं, मग कर्ज काढून, मग नवे शेअर विकून. २०२५ मध्ये तिने नावही आटोपशीर करून नुसतं ‘स्ट्रॅटेजी’ केलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिच्याकडे साडेसहा लाखांहून अधिक नाणी होती. जगात बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत, त्यांतला हा ३ टक्क्यांहून मोठा वाटा.

या दोघींत शहाणी कोण, असं विचारलं तर ज्या दिवशी विचाराल त्या दिवसाच्या भावावर उत्तर ठरतं. डिसेंबर २०२२ मध्ये टेस्ला शहाणी होती, डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी. भावाबरोबर शहाणपण बदलत असेल तर आपण चुकीच्या ठिकाणी मोजमाप करतो आहोत, असं मला वाटतं.

हा प्रश्न आता आपल्याकडेही दारात आला आहे. तो विचारणारे लोक बदलले, म्हणून मला तो जास्त गंभीर वाटतो. सात-आठ वर्षांपूर्वी बिटकॉइनबद्दल विचारायचे ते पहिल्या नोकरीतले मुलगे; त्यांचे दहा-वीस हजार गेले तरी पुढे चाळीस वर्षांची कमाई होती. आता विचारतात ते साठीला आलेले डॉक्टर, जमीन विकून पैसा हातात आलेले शेतकरी कुटुंबातले लोक, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानदार. यांच्याकडे घर आहे, सोनं आहे, ठेवी आहेत, शेअर आहेत. ‘आपण मागे राहिलो का?’ ही त्यांच्या मनातली रुखरुख. कारखानदाराचा त्यापुढचा प्रश्न असा, की कंपनीच्या खात्यात पडून असलेले पैसेही त्यात घालावेत का. हे दोन प्रश्न एकाच श्वासात विचारले जातात, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

आधी जे लवकर आले त्यांच्याबद्दल. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. ही गोष्ट ‘केवढं घालवलं!’ अशा सुरात सांगितली जाते. मला त्यातून दुसरंच दिसतं: त्या वेळी ज्यांच्याकडे बिटकॉइन होतं, त्यांच्यासाठी ते गेलं तरी चालण्यासारखं होतं. त्यांनी पणाला लावला तो रिकामा वेळ, घरच्या संगणकाची वीज आणि किरकोळ पैसा. त्यातही टिकून राहिले ते फार थोडे. २०११ मध्ये ३० डॉलरच्या पुढे गेलेला भाव दोन डॉलरवर आला. २०१३ च्या अखेरीस अकराशेच्या वर गेलेलं नाणं २०१५ च्या जानेवारीत दोनशेच्या घरात होतं. डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजारांना टेकलेला भाव वर्षभरात सव्वातीन हजारांच्या आसपास उतरला. नोव्हेंबर २०२१ मधले ६९ हजार पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्याही खाली गेले. म्हणजे चार वेळा तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत नाहीशी झाली. त्याशिवाय २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे एके काळचं सर्वांत मोठं विनिमय केंद्र बुडालं, साडेआठ लाख नाणी बेपत्ता असल्याचं जाहीर झालं (त्यांतली दोन लाख पुढे सापडली). या सगळ्यातून हात न सोडता बसलेला माणूस आज श्रीमंत आहे. पण त्याच्या जागी आपण असतो तर बसलो असतो का? ज्याचं लग्नाचं वय झालेलं मूल घरात आहे, तो १० लाखांचे २ लाख होताना स्वस्थ बसत नाही.

उशिरा येणाऱ्याला धोका तोच, पण पणाला लागलेली रक्कम मोठी आणि हातातली वर्षं कमी. आणि वरच्या बाजूचं आकाशही आता पूर्वीइतकं मोकळं नाही. हा मुद्दा आकडे मांडूनच पटतो.

एक डॉलरचं नाणं लाख डॉलरचं झालं, म्हणजे लाखपट. आज नाणं लाख डॉलरचं धरलं तर सगळ्या बिटकॉइनची मिळून किंमत साधारण २ लाख कोटी डॉलर होते. इथून नुसती हजारपट व्हायची म्हटली तरी जगातली सगळी घरं, जमिनी, कंपन्या आणि सोनं एकत्र केलं तरी तेवढी किंमत भरणार नाही. मग शक्य तेवढं मोठं स्वप्न कोणतं? बिटकॉइनचे कट्टर समर्थकही सहसा सोन्याचं उदाहरण देतात. आजवर जमिनीतून काढलेलं सोनं साधारण २ लाख १६ हजार टन आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या भावाने या सोन्याची किंमत २८ लाख कोटी डॉलरच्या जवळ जाते. बिटकॉइनने सोन्याची पूर्ण बरोबरी केली, आणि सोनं जागच्या जागी राहिलं, तर लाख डॉलरला घेणाऱ्याचे १४ पट होतील.

चौदापट ऐकायला मोठं वाटतं. पण हे व्हायला २० वर्षं लागली तर वर्षाचा परतावा पडतो सुमारे १४ टक्के. दहा वर्षांत झालं तर ३० टक्के. म्हणजे स्वप्न पूर्णपणे खरं ठरलं आणि त्याला वीस वर्षं लागली, तर चांगल्या शेअरगुंतवणुकीच्या जवळपासचा परतावा. आणि स्वप्न भंगलं तर शून्याकडे. स्वप्न खरं होण्याची शक्यता तीनात एक आहे आणि उरलेल्या दोन वेळा सगळं जाईल असं धरलं, तर सरासरी हिशोब वर्षाला ८ टक्क्यांवर येतो. तीनात एक हा आकडा माझा, गणित दाखवण्यापुरता. वाचकाने आपला धरावा. पण कोणताही प्रामाणिक आकडा धरला तरी २०१२ चा जुगार आज त्याच भावात मिळत नाही, एवढं नक्की दिसतं.

सोन्याशी तुलना होते ती महागाईच्या बाबतीतही. नोटा छापल्या जातात, बिटकॉइन छापता येत नाही, म्हणून ते महागाईपासून वाचवेल, हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. पहिला भाग खरा आहे. २००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या टोपणनावाने आलेल्या आराखड्यातून ही व्यवस्था उभी राहिली आणि तिची शिस्त आजवर मोडलेली नाही. दर चार वर्षांनी नव्या नाण्यांचा पुरवठा निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून दर दहा मिनिटांनी जोडल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यामागे ३.१२५ नाणी निघतात, म्हणजे दिवसाला साधारण ४५०. जगातल्या कुठल्याही मध्यवर्ती बँकेने स्वतःवर इतकं कडक बंधन घालून घेतलेलं नाही, आणि ज्या अभियंत्यांनी हे घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण पुरवठा ठरलेला असला तरी मागणी ठरलेली नसते. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. ज्या वर्षी छत्रीची गरज होती त्याच वर्षी बिटकॉइन ६० टक्क्यांहून जास्त पडलं. २०२५ मध्ये सोनं ६० टक्क्यांहून जास्त वाढलं. बिटकॉइनने ऑक्टोबरात १ लाख २६ हजार डॉलरचा उच्चांक गाठला खरा, पण वर्ष संपताना ते जानेवारीतल्या भावाच्याही थोडं खाली होतं. व्याजदर खाली आणि पैसा मुबलक असला की बिटकॉइन चढतं, पैसा आटला की आधी तेच विकलं जातं. आजवरचं त्याचं वागणं सोन्यापेक्षा तंत्रज्ञानाच्या महागड्या शेअरांशी जास्त जुळतं. पुढे बदलेलही. पण आज घेणाऱ्याने आजच्या स्वभावाची वस्तू घेतो आहोत हे समजून घ्यावं.

मोठ्या पैशाची माणसं यावर काय करतात? वॉरन बफे यांचं म्हणणं कधी बदललं नाही: शेत पीक देतं, इमारत भाडं देते, बिटकॉइन काही पिकवत नाही. जगातलं सगळं बिटकॉइन २५ डॉलरला देऊ केलं तरी घेणार नाही, असं ते २०२२ च्या ओमाहातल्या सभेत म्हणाले. दुसऱ्या बाजूला पॉल ट्यूडर जोन्स या नामांकित हेज फंडवाल्याने मे २०२० मध्येच एक-दोन टक्के पैसा त्यात ठेवल्याचं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत थेट बिटकॉइन धरणाऱ्या ईटीएफना परवानगी मिळाली आणि संस्थांना वाट मोकळी झाली. अबूधाबीचा मुबादला हा सरकारी निधी आला, हार्वर्ड विद्यापीठाचा निधी आला. विस्कॉन्सिन राज्याचा पेन्शन निधी २०२४ मध्ये आला आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत सगळं विकून बाहेरही पडला. ब्लॅकरॉकने डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना हवंच आहे त्यांनी २ टक्क्यांपर्यंत ठेवावं, असं सुचवलं. ब्लॅकरॉक स्वतः बिटकॉइनचा सर्वांत मोठा फंड चालवते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचला पाहिजे. पण विक्रेताच दोन टक्क्यांवर थांबा म्हणत असेल, तर ग्राहकाने वीस टक्क्यांचा विचार का करावा?

व्यक्तीच्या बाबतीत माझंही मत याच वाटेने जातं. समजा कुणाची संपत्ती २० कोटींची आहे. एक टक्का म्हणजे २० लाख. उद्या शून्य झाले तर चुटपुट लागेल, पण मुलीचं शिक्षण, स्वतःचं म्हातारपण, राहतं घर यांतलं काही हलणार नाही. सोन्याच्या बरोबरीचं स्वप्न खरं झालं तर त्याचे २ कोटी ८० लाख होतील, आणि आपल्याकडचा कर व अधिभार वजा जाता हातात पावणेदोन ते दोन कोटी येतील. याच माणसाने २० टक्के, म्हणजे ४ कोटी घातले, आणि पूर्वी चारदा आली तशी घसरण आली, तर ३ कोटींहून अधिक जातील. त्या वेळी तो पासष्टचा असेल. लवकर आलेल्यांना मिळालं ते आपल्यालाही मिळावं म्हणून रक्कम वाढवणं, ही उशिरा आलेल्या श्रीमंताची नेमकी चूक. पट कमी झाली म्हणून तो मुद्दल वाढवतो.

शून्यावर समाधान मानणाऱ्यालाही मी मागासलेला म्हणणार नाही. ज्याला ही वस्तू समजत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही, त्याने न घेणं हा पूर्ण विचारी निर्णय आहे. आणि ज्यांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही, त्यांच्यातल्या काहींकडे चिमूटभर आलेलंही आहे: स्ट्रॅटेजी डिसेंबर २०२४ मध्ये नॅस्डॅक-१०० निर्देशांकात गेली, आणि त्या निर्देशांकावर चालणारे भारतीय म्युच्युअल फंड घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारांच्या खात्यात ती आपोआप आली.

घेणाऱ्याने दोन गोष्टींवर मात्र भावापेक्षा जास्त विचार करावा. पहिली, ते राहणार कुठे आणि आपल्यानंतर कुणाला मिळणार. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका माणसाची सात-आठ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणू द्यावा म्हणून तो बारा वर्षं झगडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. क्वाड्रिगा या कॅनडातल्या विनिमय केंद्राचा प्रमुख डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला आला असताना वारला आणि ग्राहकांच्या नाण्यांच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडेच होत्या असं सांगितलं गेलं. नंतरच्या चौकशीत तो आधीपासूनच ग्राहकांचा पैसा उधळत असल्याचं निघालं. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीला गेली आणि लाखो लोकांचे पैसे कितीतरी महिने अडकले. बँकेच्या लॉकरचा वारसा कसा मिळवायचा हे आपल्या घराघरात ठाऊक असतं. बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली कपाटातल्या कोणत्या पाकिटात आहे, हे किती बायकांना माहीत आहे? हे शब्द घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतील तर ती मालमत्ता एका माणसाच्या आयुष्याइतकीच टिकते. साठीतल्या गुंतवणूकदाराला हे स्पष्टपणे सांगायला हवं, आणि सहसा कुणी सांगत नाही.

दुसरी, मध्ये उभा असलेला माणूस. गेनबिटकॉइनचं प्रकरण पुण्यातल्या वाचकांना आठवत असेल. दरमहा १० टक्क्यांचं आमिष दाखवून देशभरातून बिटकॉइन गोळा केली गेली. मुख्य आरोपीला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. बिटकॉइन पडलं म्हणून ते लोक बुडाले नाहीत. भाव तर त्यानंतर कितीतरी वाढला. ‘तुमचं आम्ही सांभाळतो’ म्हणणाऱ्याच्या हाती दिलं म्हणून बुडाले. २०२२ मध्ये सेल्सियस आणि एफटीएक्स या कंपन्या बुडाल्या तेव्हा अमेरिकेतल्या सुशिक्षितांचंही हेच झालं. बिटकॉइनवर व्याज देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

आता करांचं. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्यानंतर सरकारने बंदीही घातली नाही आणि मायाही केली नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर आणि अधिभार. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का कपात. खरा बोचरा नियम तोट्याचा आहे. एका व्यवहारात ५ लाख मिळाले आणि दुसऱ्यात ५ लाख गेले, तर हातात शून्य, तरी पहिल्या ५ लाखांवर उपकरासह १ लाख ५६ हजार कर भरावा लागतो. तोटा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. जुगार रोखायचा असेल तर प्रामाणिक करदात्याचा खरा तोटा नाकारण्यापेक्षा चांगले मार्ग आहेत. पण नियम आहे तोवर हिशोब त्यातच करावा लागतो.

हा हिशोब कंपन्यांच्या बाबतीत तर निर्णायकच होतो. तिथे थोडं जास्त थांबतो, कारण ‘सेलरसारखं करा’ हा सल्ला आता आपल्या उद्योजकांच्या बैठकांतही ऐकू येतो.

मायक्रोस्ट्रॅटेजीचे संस्थापक मायकेल सेलर यांनी नेमकं काय केलं? समजा एका कंपनीकडे १०० रुपयांचं बिटकॉइन आहे आणि तिचे १०० शेअर आहेत. प्रत्येक शेअरमागे एक रुपयाचं बिटकॉइन. पण बाजार उत्साहात आहे आणि शेअरला दोन रुपये देतो. कंपनी ५० नवे शेअर दोन रुपयांना विकते, त्या १०० रुपयांचं आणखी बिटकॉइन घेते. आता २०० रुपयांचं बिटकॉइन आणि १५० शेअर. प्रत्येकामागे एक रुपया तेहतीस पैसे. जुन्या भागधारकाला काही न करता तेहतीस पैसे मिळाले. ते आले कुठून? नव्या भागधारकाने दोन रुपये देऊन एक रुपया तेहतीस पैशांची वस्तू घेतली, त्याच्या खिशातून. यात फसवणूक नाही, सगळं कागदावर लिहिलेलं असतं. पण उत्साह टिकला तरच हे चाक फिरतं. शेअरचा भाव बिटकॉइनच्या किमतीपर्यंत खाली आला की चाक थांबतं आणि मागे उरतात ती देणी.

स्ट्रॅटेजीने पुढे परिवर्तनीय रोखे काढले, त्यांतले काही शून्य व्याजाने, आणि २०२५ मध्ये ८ ते १० टक्के लाभांशाचे अग्रहक्क शेअर. रोख्यांचं व्याज नगण्य होतं, लाभांश मात्र बहुतांशी रोखीत द्यावा लागतो, आणि बिटकॉइनमधून रोख येत नाही. जुलै २०२५ मध्ये ४०० डॉलरच्या वर असलेला शेअर डिसेंबरात २०० च्या खाली होता. त्याच डिसेंबरात कंपनीने लाभांशासाठी १४४ कोटी डॉलरची रोख शिल्लक वेगळी काढून ठेवल्याचं जाहीर केलं. बिटकॉइन हीच उत्तम रोख, असं पाच वर्षं सांगणाऱ्या कंपनीला साधी रोख बाजूला ठेवावी लागली. सेलर यांची चिकाटी मी नाकारत नाही. २०२२ मध्ये कोट्यवधींचा तोटा दाखवून, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद सोडून ते अध्यक्ष म्हणून बाजूला झाले, पण बिटकॉइन सोडलं नाही. मात्र ती चिकाटी ज्यांच्या मताधिकाराचं पारडं जड आहे अशा संस्थापकाची होती. आणि तिच्या मागे चालणाऱ्यांना तेवढं लाभलं नाही. जपानमधली मेटाप्लॅनेट ही मूळची हॉटेल चालवणारी कंपनी एप्रिल २०२४ पासून याच वाटेला लागली, ३० हजारांहून जास्त नाणी जमवली, आणि जून २०२५ मधल्या शिखरावरून तिचा शेअर वर्ष संपायच्या आत निम्म्याहून कितीतरी खाली आला.

नाव आणि धंदा बदलून भाव चढवण्याचा प्रयोग त्याहून जुना आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी या न्यूयॉर्कच्या शीतपेय कंपनीने आपलं नाव लाँग ब्लॉकचेन केलं. एका दिवसात शेअर दुपटीहून जास्त चढला आणि पुढच्याच वर्षी नॅस्डॅकने तिला यादीतून काढलं.

सगळ्याच कंपन्यांनी हे वेड्यासारखं केलं असं नाही. पेमेंटच्या व्यवसायातल्या स्क्वेअरने ऑक्टोबर २०२० मध्ये ५ कोटी डॉलर घातले. तिचा धंदाच बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीशी जोडलेला होता. मासम्युच्युअल या जुन्या विमा कंपनीने १० कोटी डॉलर घातले, तिच्या अफाट गुंतवणुकीतला तो कणभर भाग. आणि मायक्रोसॉफ्टच्या भागधारकांपुढे डिसेंबर २०२४ मध्ये निदान अभ्यास तरी करा असा ठराव आला, सेलर यांनी स्वतः बाजू मांडली, तरी एक टक्काही मतं पडली नाहीत. मला हे मतदान या सगळ्या वादातलं सर्वांत समंजस वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या भागधारकांना बिटकॉइनचा तिटकारा होता म्हणून हे झालं असं मी मानत नाही. ज्याला हवं त्याला ते स्वतःच्या नावावर, ईटीएफमधून, एका मिनिटात घेता येत होतं. संगणकप्रणाली बनवण्यासाठी दिलेले पैसे त्याच कामाला लागावेत एवढंच त्यांचं म्हणणं.

अमेरिकेत २०२५ पासून हिशोबाचे नियमही कंपन्यांच्या बाजूने बदलले; बिटकॉइन बाजारभावाने दाखवता येतं. त्याआधी घट दाखवावी लागे, वाढ दाखवता येत नसे. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून कंपनीला ताळेबंदात आभासी चलन जाहीर करावं लागतं, आणि कर मात्र वर सांगितला तसाच. म्हणजे भारतीय कंपनीला नफा झाला तर ३० टक्के सरकारचे. तोटा झाला तर पूर्ण तिचा, तो धंद्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. इतका एकतर्फी सौदा एखाद्या पुरवठादाराने पुढे केला असता, तर आपल्या कारखानदाराने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. मुंबईच्या जेटकिंग या संगणक-प्रशिक्षण कंपनीने २०२४ च्या अखेरीस बिटकॉइन गंगाजळीत घेण्याचं धोरण धरलं, आपल्याकडचा हा पहिल्या काहींतला प्रयत्न. पण अमेरिकेतली चौकट इथे नाही, आणि ती नसताना केलेलं अनुकरण भागधारकांच्या जिवावर होतं. कंपनी कायद्यातही कंपनीची उद्दिष्टं पुढे नेणं हे संचालकाचं कर्तव्य आहे.

संपूर्ण मालकी स्वतःची असेल तर? चाकणच्या ज्या परिचित कारखानदारांनी मला हे विचारलं, त्यांचा हाच मुद्दा होता: भागधारक मीच, बायको आणि भाऊ, मग कुणाला विचारायचं? त्यांच्या कंपनीच्या नावावर तीन-साडेतीन कोटींच्या ठेवी आहेत आणि सात टक्क्यांचं व्याज त्यांना टोचतं. मी त्यांना सांगितलं, नफा लाभांश म्हणून घरी न्या, कर भरा, आणि मग स्वतःच्या नावावर त्यातल्या एखाद्या टक्क्याचं काय करायचं ते करा. कंपनीच्या ठेवीला हात लावू नका. ते म्हणाले, ठेव नुसती पडूनच तर असते.

मग आम्ही दोघांनी २०२० च्या वह्या काढल्या. फेब्रुवारीच्या मध्याला बिटकॉइन दहा हजार डॉलरच्या वर होतं. १२ मार्चला एका दिवसात ते ४० टक्क्यांच्या जवळपास पडलं. २५ मार्चपासून देश बंद झाला, चाकणची सगळी वसाहत थंड पडली, गाड्यांच्या कंपन्यांनी मागणी थांबवली, आणि आधीच्या मालाची बिलंही अडकली. त्यांनी ठेव मोडली आणि १४० माणसांचे पगार दोन महिने केले. बिटकॉइन मेच्या अखेरीस पुन्हा नऊ-साडेनऊ हजारांवर गेलं होतं, हे त्यांनीच मोबाइलवर शोधून मला दाखवलं. खरं होतं. पण ७ एप्रिलला त्याचा भाव सात हजारांच्या आसपास होता, आणि पगाराची तारीख ७ एप्रिल होती.